भुताचा गळा, भावकीचा मामला

जुन्या रहस्यपटांच्या संगीताच्या तबकड्या जमवणाऱ्या माणसाकडे सातारा-सांगली भागात जरा जपूनच पाहिलं जातं. अभंगांच्या तबकड्या जमवणारा सात्त्विक ठरतो, नाट्यगीतांच्या जमवणारा दर्दी ठरतो, आणि लावण्यांच्या जमवणारा वयाप्रमाणे रंगेल किंवा लोककलेचा अभ्यासक ठरतो. पण ज्याच्या कपाटात 'महल', 'बीस साल बाद', 'वह कौन थी', 'कोहरा' आणि 'पाठलाग' एवढाच ऐवज आहे, त्याच्याबद्दल आळीला ठाम मत बनवता येत नाही. घरात पूर्वी काही झालं होतं का, असं लोक हळूच विचारून घेतात. खरं तर इतका हिशेबी संग्राहक दुसरा नसेल. रहस्यपट ही एकदाच वापरायची वस्तू आहे. खुनी कोण ते कळलं की तिचं काम संपलं. त्यानंतर तो चित्रपट पुन्हा बघणं म्हणजे वाटणीपत्रावर सह्या झाल्यावर परत बांधावरून भांडायला जाणं. शेवटच्या रिळात पांढरी साडी, वाजणारी दारं, विझणारे कंदील, सगळ्याचा खुलासा होतो. गाण्याचा खुलासा मात्र कोणी करत नाही. कथेतलं भूत खोटं ठरतं, संगीतातलं भूत खोटं ठरवायची सोयच नसते. तेव्हा शहाण्या माणसाने या चित्रपटांतून काही जमवायचंच असेल तर संगीत जमवावं, असं माझं म्हणणं आहे, आणि त्याला दोन्ही जिल्ह्यांतून भरपूर पुरावा मिळतो.

आधी कथेतलं भूत किती तकलादू असतं ते पाहू. राज खोसलांच्या १९६४ च्या 'वह कौन थी'मध्ये डॉक्टर नायकाला भर पावसात रस्त्यावर पांढऱ्या साडीतली साधना भेटते आणि कब्रस्तानाशी उतरून नाहीशी होते. पुढे तोच चेहरा बायको म्हणून घरात येतो. तीन तास धुकं, पडके वाडे आणि विस्फारलेले डोळे पाहून झाल्यावर निघतं काय, तर वारसाचं डोकं ठिकाणावर असेल तरच इस्टेट मिळेल अशी अट, आणि ते डोकं ठिकाणावरून हलवायला टपलेला नातलग. मुंबईच्या प्रेक्षकाला याने धक्का बसला असेल. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या प्रेक्षकाला तो बसायचं कारण नाही. त्याने पहिल्या पंधरा मिनिटांतच 'भावकी असणार' म्हणून शेजारच्याला सांगितलेलं असतं. इथल्या कुठल्याही तालुका कोर्टाच्या आवारात चहा पीत तासभर उभं राहिलं की असली दोन-तीन कथानकं फुकट कानावर पडतात. फरक इतकाच की त्यांत जुळ्या बहिणी कमी आणि चुलते जास्त. शिवाय आमचे चुलते काटकसरी. जमीन बळकावायला एक बनावट फेरफार पुरतो, हे त्यांना ठाऊक असतं. सिनेमातला कारस्थानी मात्र तोतया बाई शोधतो, तिला साड्या घेतो, धुक्याची व्यवस्था करतो, आणि तिच्या मागे रानात चाळीसेक व्हायोलिनं वाजवत ठेवतो. एवढा खर्च करण्यापेक्षा तेवढ्यात स्वतःचीच हवेली बांधून झाली असती. आणि त्या बाईचं तरी काय? जिच्या गळ्यातून असा सूर येतो तिने दुसऱ्याच्या इस्टेटीतल्या चार आण्यांच्या हिश्श्यासाठी रात्रीअपरात्री भिजत हिंडावं, हे मला तरी भुतापेक्षा अविश्वसनीय वाटतं. याच चित्रपटातल्या पावसाच्या गाण्याची एक हकिकत सांगितली जाते. शूटिंगची तारीख आली तेव्हा लताबाई आजारी होत्या, म्हणून संगीतकार मदनमोहन यांच्याच आवाजातली ध्वनिफीत लावून चित्रीकरण झालं. म्हणजे प्रत्यक्ष जागेवर ते भूत पुरुषाच्या आवाजात गात होतं, आणि बघ्यांना हसू आवरत नव्हतं. पुढे पडद्यावर तेच पाहून लोकांच्या अंगावर काटा आला. बाई तीच, धुकं तेच, पाऊस तोच. भीती गळ्याबरोबर आली.

याहून भक्कम पुरावा 'महल'चा. वर्ष १९४९. त्याच वर्षी जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन तुकडे झाले, आणि दक्षिण सातारा म्हणजेच पुढे १९६० साली नाव बदलून झालेला सांगली जिल्हा. सरकार इकडे हद्दी आखत होतं तेव्हा तिकडे कमाल अमरोहींच्या पहिल्या चित्रपटात मधुबाला हद्दी पुसत हिंडत होती. खेमचंद प्रकाश यांनी बांधलेलं 'आयेगा आनेवाला' तबकडीवर निघालं, तेव्हा तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातल्या अतृप्त आत्म्याचं नाव. त्या काळी गायकाऐवजी पात्राचं नाव छापायची पद्धत होती, त्यामुळे कंपनीने कुठलाही विनोद न करता, गंभीरपणे, एका भुताला गायिका म्हणून जाहीर केलं. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. आता गुंता नीट पाहा. तबकडीवर नाव भुताचं. ते भूत चित्रपटातही खरं नाही, कारण शेवटी कळतं की कामिनी म्हणून वावरणारी ही माळ्याची मुलगी आहे. या माळ्याच्या मुलीचं खरं नाव आशा. पण तिच्यासाठी गायलं लतानं. मंगेशकरांच्या घरची थोडी माहिती असलेला माणूस इथे चक्रावून खालीच बसेल. चित्रपटातलं रहस्य प्रेक्षकाला दोन तासांत कळतं. तबकडीवरचं रहस्य सोडवायला सबंध देशाने पत्रव्यवहार केला. कुठलं जपून ठेवायचं हे सांगायला नको.

मंगेशकरांचं नाव निघालंच आहे तर सांगलीचं खातं उघडायला हरकत नाही. जिल्ह्याच्या माहितीपुस्तकांत हळद, बेदाणा, ऊस यांची कोष्टकं असतात. भीतीच्या निर्यातीचं कोष्टक कोणी घातलेलं नाही. ते घालायला हवं होतं. मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाड सांगलीत होतं, लताबाईंच्या बालपणाची काही वर्षं तिथे गेली, आशाबाई आणि हृदयनाथ तर जन्मलेच तिथे. 'महल', 'बीस साल बाद', 'वह कौन थी', 'कोहरा', 'गुमनाम', 'मेरा साया', या सगळ्यांतलं दचकवणारं, हाका मारणारं, मागे मागे येणारं गाणं लताबाईंचं. मराठीत याहून गंमत आहे. 'पाठलाग' १९६४ चा. दोनच वर्षांनी त्याचा हिंदीत 'मेरा साया' झाला. 'पाठलाग'चे दिग्दर्शक राजा परांजपे मूळचे मिरजेचे. त्यातलं 'या डोळ्यांची दोन पाखरे' लिहिणारे माडगूळकर जन्मले आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याला, शिकले साताऱ्याकडच्या औंधात. ते गाणं गायल्या आशाबाई. संगीतकार दत्ता डावजेकर तेवढे बाहेरचे, पण लताबाईंना हिंदीतलं पहिलं पार्श्वगायन त्यांनीच दिलं होतं, म्हणजे घरोब्यातलेच. चित्रपट ज्या जयंत देवकुळ्यांच्या कादंबरीवर बेतला तिचं नाव 'आशा परत येते'. इतके योगायोग एका खटल्यात आले असते तर न्यायाधीशांनी आरोपीला जामीन दिला नसता. आणि हे एकटं नाही. १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा'चं संगीत हृदयनाथांचं, गाणी सुधीर मोघ्यांची, आणि मोघे किर्लोस्करवाडीचे. त्यातल्या 'रात्रीस खेळ चाले' या शब्दांवर चाळीस वर्षांनी एका दूरचित्रवाणी मालिकेने आपलं बारसं उरकून घेतलं.

मुळात सांगलीला ही सवय फार जुनी आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पटवर्धन सरकारांच्या दरबारात 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर राक्षस आले. ते आरोळ्या ठोकत येत, आणि त्या आरोळीवरून त्या नाटकांना पुढच्या सुशिक्षित पिढीने 'अललडुर्र' असं कुत्सित नाव ठेवलं. पण या नाटकांत पदं कोण गाई? पात्रं नव्हेत, सूत्रधार आणि त्याचे साथीदार गात, पात्रं हातवारे करत आणि मध्ये बोलत. एकाने तोंड हलवायचं आणि दुसऱ्याने गायचं, ही सोय सांगलीने बोलपटाच्या आधी नव्वदेक वर्षं करून ठेवली होती. मधुबालेच्या मागे लता उभी राहिली ती मोकळ्या जागेवर नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: लताबाईंनी भुतांचीच गाणी गायली का? त्या काळी पूजेपासून बारशापर्यंत सगळं त्याच गात होत्या. त्यांच्या हजारो गाण्यांतून पाच-सात उचलून सांगलीला भीतीचं माहेर ठरवणं ही शुद्ध लबाडी आहे. आक्षेप बरोबर आहे आणि तो मला हवाच होता. सकाळी जो आवाज ऐकून हात जोडले जातात तोच आवाज रात्री दिव्याकडे बघायला लावतो. तेव्हा भूत आवाजात नाही, बांधणीत आहे हे सिद्ध झालं. 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीला किती तरी वेळ ताल धरलेलाच नाही. आवाज लांबून येतो, जवळ येतो, आणि ठेका सुरू होईपर्यंत ऐकणाऱ्याला पाय टेकायला जमीन मिळत नाही. मायक्रोफोनपासून दूर उभं राहून, गात गात एकेक पाऊल पुढे येत ते ध्वनिमुद्रित केल्याचं सांगतात. 'बीस साल बाद'मध्ये हेमंतकुमारांनी हाकेसारखी ओढलेली ओळ आणि त्यानंतरची शांतता यांवर काम भागवलं, आणि लताबाईंना त्या गाण्याचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. बास्करव्हिलच्या कुत्र्यावरून उचललेल्या त्या कथेतला खुनी शेवटी हाडामांसाचा माणूस निघतो, हे आज कोणाला आठवतही नाही. गाणं आठवतं. ज्याला शेवट माहीत नाही असं त्या चित्रपटात ते एकच पात्र आहे.

दुसरा आक्षेप साताऱ्याचा, आणि तो वजनदार. हा जिल्हा भुतं पुरवणारा नाही, भुतं उतरवणाऱ्यांना जाब विचारणारा आहे. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. पुढचं शिक्षण सांगलीच्या विलिंग्डनमध्ये आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात झालं. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. अशा गावात बसून कोणी पांढऱ्या साडीची गाणी गोळा करावी, म्हणजे समितीने एका दाराने हाकललेलं भूत मागच्या दाराने घरात घेणं नव्हे का? नव्हे. समितीचे चमत्कार सादरीकरणाचे कार्यक्रम ज्यांनी पाहिले आहेत त्यांना रहस्यपटाची रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आधी कार्यकर्ता पाण्याने दिवा पेटवून दाखवतो, पोरं तोंडात बोटं घालतात, मग तो खिशातून कॅल्शियम कार्बाइड काढून सगळं फोडून सांगतो. 'वह कौन थी' तेच करतो, फक्त कार्बाइड काढायला शेवटच्या रिळापर्यंत थांबतो. त्या काळच्या नामांकित रहस्यपटांपैकी फार थोडे भुताला भूत म्हणून घरी जाऊ देतात. बाकीचे त्याला पोलिसांच्या गाडीत बसवतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा गुन्हा आहे. भुताच्या आवाजात गाणं म्हणणं त्यात नाही, आणि ते घरी लावून ऐकणंही नाही. ज्या वर्षी हा कायदा आला त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. तो करणारीही माणसंच होती, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं. भीती वाटणं आणि भूत मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कानाची, दुसरी डोक्याची. संग्राहक कान उघडा ठेवतो आणि डोकं गहाण टाकत नाही. साताऱ्याने याला आक्षेप घ्यायचं कारण मला दिसत नाही.

तिसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा. ते म्हणतात, गाणी म्हणजे रहस्यपटाचं संगीत नव्हेच. खरं ते पार्श्वसंगीत, आणि ते ऐकायचं तर बर्नार्ड हर्मनचं ऐका. १९६० च्या 'सायको'त त्याने नुसती तंतुवाद्यं वापरली. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नकोच असं हिचकॉकचं मत होतं. हर्मनने तरी लिहिलं, आणि आज त्या प्रसंगातून व्हायोलिनं काढली तर नुसती आंघोळच उरेल. मान्य. उलट याला इकडचीही एक जोड देता येते. मिरजेची तंतुवाद्यं बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. संस्थानी लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा ते हात तंबोऱ्याकडे आणि सतारीकडे वळले. २०२४ मध्ये त्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मिरजेने पात्याची तार केली. हर्मनने तारेचं पातं केलं. पण संग्राहकाने करायचं काय? आमच्या कंपन्या तबकडीवर गाणी घालत, पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. वादक रात्रभर वाजवत, मोबदला घेऊन घरी जात, आणि त्यांचं वाजवणं चित्रपटाच्या रिळाबरोबर डब्यात जाई. 'शोले'चे संवाद तबकडीवर आले आणि धडाक्याने खपले, म्हणजे माणसांचं बोलणं विकत घेणारे होते, त्या बोलण्यामागे वाजणारं विकत घेणारे कोणी नाहीत असा व्यापाऱ्यांचा समज होता. बी. आर. चोप्रांच्या १९६० च्या 'कानून'मध्ये एकही गाणं नाही. यश चोप्रांच्या १९६९ च्या 'इत्तेफाक'मध्येही नाही. दोन्हींचं संगीत सलील चौधरींचं. चित्रपट गाजले, पण गाणंच नाही म्हटल्यावर लोकांनी घरी गुणगुणायचं काय आणि गीतमालेत वाजवायचं काय? त्यामुळे आमच्याकडचा संग्राहक पार्श्वसंगीत चोरवाटेने मिळवतो. गाण्याच्या आधीचे वीस-तीस सेकंद, दोन कडव्यांमधला तुकडा, शेवटी विरत जाणारा आलाप, यांतच संगीतकाराने आपलं खरं भय लपवलेलं असतं. गाण्याच्या गोणीतून तेवढं निवडून घ्यावं लागतं, आणि निवडणं हाच तर संग्राहकाचा धंदा.

हे सगळं चोरीचं आहे, हा आक्षेप फार ताणायला नको. 'गुमनाम'चं शीर्षकगीत हेन्री मॅन्सिनीच्या 'शराड'वरून आलं आहे हे शंकर-जयकिशन यांच्या चाहत्यांनाही ठाऊक आहे. 'शराड' १९६३ चा, 'गुमनाम' १९६५ चा, म्हणजे मुद्देमाल ताजा होता. 'कोहरा'ची कथा 'रिबेका'ची. खुनाच्या चित्रपटात चाल चोरलेली असावी यात विसंगती कोणती? संग्राहक दोन्ही घेतो आणि शेजारी शेजारी ठेवतो. रहस्यपटातला एवढा एकच गुन्हा त्याला स्वतःला शोधता येतो, पोलिसांच्या आधी.

मग येतो फोन. सगळं फुकट, खिशात, बोटाच्या टोकावर असताना लाखेच्या तबकड्या कशाला? खरं तर फोनच माझ्या बाजूने साक्ष देतो. फोनवर 'आयेगा आनेवाला' लावा. खाली स्वच्छ लिहिलेलं असतं, गायिका लता मंगेशकर. माहिती अचूक, आणि कामिनी गेली. जुन्या तबकडीवर ती अजून आहे. शिवाय फोनला त्या गाण्यानंतर आपल्या मनाने आरती लावायची खोड असते, भूत आणि देव यांत त्याला फरक कळत नाही. तबकडी संपली की संपते. सुई आतल्या वळ्यांत खरखरत राहते आणि उठून ती उचलायला अंधारातून जावं लागतं. इतकी व्यवस्था कुठल्याही अ‍ॅपने केलेली नाही. तबकडीवर ओरखडा असेल तर आणखी उत्तम: येणारा येणार, येणार, येणार असं तासभर चालतं, आणि तो येत नाही, म्हणजे कथेशी पूर्ण इमान राखलं जातं. जुन्या बाजारात ओरखड्याची तबकडी स्वस्त मिळते, हा व्यापाऱ्यांचा अडाणीपणा आपण कोणी त्यांच्या लक्षात आणून देऊ नये.

खरी अडचण आक्षेपांची नाहीच, कपाट लावायची आहे. गायकाप्रमाणे लावावं तर जवळजवळ सगळ्या तबकड्या लताबाईंच्या कप्प्यात जातात आणि बाकीचे कप्पे आशाबाईंची वाट बघत राहतात. दिग्दर्शकाप्रमाणे लावावं तर राज खोसला आणि साधना यांनीच फळी अडवलेली. गुन्ह्याच्या हेतूप्रमाणे लावणं सर्वांत शास्त्रशुद्ध. पण तसं केलं की 'महल' एकटा 'प्रेम' या पाटीखाली राहतो, 'बीस साल बाद' 'जुना सूड' म्हणून बाजूला बसतो, आणि पाहुणा नुसती 'भावकी' ही पाटी वाचतो न् वाचतो तोच त्याला न पाहिलेल्या चित्रपटांचे शेवट कळतात. म्हणून जाणते संग्राहक वर्षाप्रमाणे लावतात आणि गप्प बसतात. त्यांच्या यादीत १९६३ च्या रकान्यात हिचकॉकचा 'द बर्ड्स' असतो, आणि त्यापुढची जागा कोरी. त्या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. यंत्रावर तयार केलेले पक्ष्यांचे आवाज तेवढे आहेत, आणि हर्मनचं नाव आहे ते ध्वनीचा सल्लागार म्हणून. सल्ला द्यायचे पैसे मिळाले, वाजवायला काही नाही. एवढ्या मोठ्या माणसाची इतकी स्वस्त चीज दुसरी सापडणार नाही. शिवाय तिच्यावर ओरखडाही पडत नाही.